रामदास बोट: उतारूंची, युद्धाची आणि पुन्हा उतारूंची

गेले दोन-तीन आठवडे आपण कर्जाचे हप्ते आणि पासबुकं यांवर बोललो. आज हिशेब आहे, पण पैशांचा नाही, माणसांचा. आज आपण एका बोटीची गोष्ट समजून घेणार आहोत.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मूळची कोकणातली घरं कमी नाहीत. कुणी गिरणीच्या नोकरीसाठी परळ-लालबागला आलं, मग गिरणी बंद पडली, तिथली खोली विकली आणि डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या. अशा घरांतल्या म्हाताऱ्या बायका गटारी अमावस्या आली की एक नाव घेतात, ‘रामदास’. नातवंडांना वाटतं, आजी समर्थांबद्दल बोलतेय. आजी बोलत असते बोटीबद्दल. ती बोट बुडाली एवढं बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. पण बुडण्याआधी ती युद्धावर जाऊन आली होती, हे फार थोड्या जणींना ठाऊक आहे. आम्ही कार्यकर्त्यांनी गटांमध्ये हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, की उतारूंची बोट युद्धात काय करणार? तर तिथूनच सुरुवात करू. पण त्याआधी ही बोट होती कुणाची, ते पाहू.

कोकणात तेव्हा आजच्यासारखा हमरस्ता नव्हता. कोकण रेल्वे तर १९९८ साली पूर्ण झाली. मुंबईहून गावी जायचं म्हणजे आगबोट. आगीवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर पाण्याची वाफ करून चालणारी बोट, म्हणून आगबोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती खाली जायची. बऱ्याच बंदरांत तिला धक्क्याला लागता येत नसे. ती आत समुद्रात उभी राहायची आणि उतारूंनी पडावात उतरायचं. डोक्यावर वळकटी, कडेवर पोर, खाली हलणारा पडाव. आपल्या आज्या-पणज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं.

या किनाऱ्यावर मोठी कंपनी होती बाँबे स्टीम नॅव्हिगेशन. लोक तिला शेपर्ड कंपनी म्हणत. ती गोऱ्या साहेबांची. तिला तोंड द्यायला आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून स्वदेशी कंपनी काढली, इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन. एवढं लांब नाव कोण घेणार? कोकणी माणसाने तिचं नाव ठेवलं ‘माझी आगबोट कंपनी’. आपण गटात शंभर-शंभर रुपये जमवतो तेव्हा ‘माझा गट’ म्हणतो ना, तोच तो ‘माझी’. या कंपनीने बोटींना संतांची, देवाधर्माची नावं दिली, म्हणजे साध्या माणसाला बोट आपली वाटावी. त्यातली एक तुकाराम, एक जयंती, आणि एक रामदास. तुकाराम आणि जयंती या दोन्ही बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी, वादळात बुडाल्या होत्या. तरीही लोक बोटीने जायचे, कारण दुसरा रस्ताच नव्हता.

रामदास १९३६ साली विलायतेत, स्वान हंटर या नावाजलेल्या कारखान्यात बांधली गेली. साधारण १८० फूट लांब. आपल्या एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या करा, एवढी. रुंदी तीस फुटांच्या आत. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांपुढे ती अगदी लहान, पण खाडीतून, उथळ पाण्यातून माणसं न्यायला अशीच बोट लागते.

आता युद्ध. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं. तेव्हा आपल्या देशाच्या नौदलाला रॉयल इंडियन नेव्ही म्हणत. राज्य इंग्रजांचं, तसं नौदलही त्यांचंच, पण खलाशी आपले. आणि त्यातही कोकणचे, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर वाढलेले. युद्ध सुरू झालं तेव्हा या नौदलाकडे लढाऊ जहाजं होती जेमतेम आठ. सांभाळायचा किनारा मात्र कराचीपासून कलकत्त्यापर्यंत. नवीन जहाज बांधायला वर्ष-दोन वर्षं लागतात. शत्रू तेवढा थांबत नाही. मग सरकार काय करतं? धंद्यात असलेल्या बोटी ताब्यात घेतं. निवडणुकीत कशा आपल्या गावच्या एसट्या आणि खासगी जीपा सरकार मागून घेतं, तसं. कंपनीला भाडं मिळतं, बोट सरकारची होते.

ही काही आपल्याकडचीच रीत नव्हती. पहिल्या महायुद्धात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचं मोठं उतारू जहाज ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेतलं आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तरंगता दवाखाना केला. त्याचं नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. शिंदे म्हणजे मूळचे आपल्या सातारा भागातल्या कण्हेरखेडचे. युद्ध संपल्यावर तेच जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला सोडलं. शिंद्यांकडून जहाज घेतलं म्हणून त्यांच्या कंपनीचं नाव सिंधिया. आज ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय नौकानयन दिन आहे तो यामुळे. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं घरात असतील तर त्यांना सांगा, हा प्रश्न विचारतात.

तर दुसऱ्या महायुद्धात कोकण किनाऱ्यावरच्या बऱ्याच बोटी अशा नौदलात गेल्या. नावं ऐका. प्रभावती, पार्वती, सत्यवती, नेत्रावती, हिरावती, लीलावती, रत्नागिरी, आणि आपली रामदास. गटाचा हजेरीपट वाचल्यासारखं वाटतं. प्रत्येकीच्या नावापुढे एच.एम.आय.एस. अशी अक्षरं लागली. त्यांचा अर्थ, इंग्रजांच्या राजाचं हिंदी जहाज. म्हणजे कालपर्यंत चाकरमानी नेणारी पार्वती आज राजाची युद्धनौका.

उतारू बोटीची युद्धनौका करताना काय काय करावं लागतं? आधी उतारूंसाठीचं सामान निघतं, बाकडी, चहाचं हॉटेल, मालाच्या जागा. मग सगळीकडे राखाडी रंग, म्हणजे समुद्रात दुरून ओळखू येऊ नये. डेकवर तोफ बसवायची तर खालची फळी आणि लोखंड मजबूत करावं लागतं, कारण तोफ उडते तेव्हा मागे जोरात धक्का देते. खलाशांना झोपायला जागा, दारूगोळ्याची कोठी, बिनतारी संदेशाची खोली, हे सगळं त्या एवढ्याशा बोटीत बसवायचं.

रामदासच्या वाट्याला काम आलं पाणबुड्यांच्या विरोधातलं. पाणबुडी पाण्याखालून येते, दिसत नाही. मग ती ओळखायची कशी? आवाजावरून. आपण विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की हाक परत येते. विहीर खोल असेल तर उशिरा येते, उथळ असेल तर लगेच. पाणबुडी शोधणारं यंत्र हेच करतं. पाण्यात आवाज सोडतं आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का ते ऐकतं. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. कानाला हेडफोन लावून एक खलाशी तासन्‌तास बसलेला असायचा. माशांचा थवा, खडक आणि पाणबुडी यांच्या परत आलेल्या आवाजातला फरक त्याने ओळखायचा. आणि पाणबुडी आहे असं वाटलं तर बोटीच्या मागच्या बाजूने स्फोटकांची पिंपं पाण्यात सोडायची. किती खोल गेल्यावर पिंप फुटायचं ते आधी लावून ठेवलेलं असतं. तेलाच्या पिंपासारखीच दिसतात, पण त्यांच्या धक्क्याने पाणबुडीचं पोट फुटतं. पिंप सोडल्यावर स्वतः मात्र वेगाने पुढे निघून जायचं, नाहीतर आपल्याच स्फोटात आपण सापडायचो.

हे काम बाहेरून रटाळ वाटेल. रात्रंदिवस त्याच पाण्यात फेऱ्या. पण या लहान बोटी होत्या म्हणून मोठी मालवाहू जहाजं बंदरातून सुखरूप आत-बाहेर करू शकली. याची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही. मोठ्या लढाऊ जहाजांवर पुस्तकं निघतात. पार्वती आणि प्रभावतीवर कोण लिहिणार? म्हणून आम्हीच दोन वाक्यं सांगतो. पार्वती ३० एप्रिल १९४१ ला तांबड्या समुद्रात, आफ्रिकेच्या बाजूच्या असाब बंदराजवळ, पाण्यात पेरलेल्या सुरुंगावर जाऊन बुडाली. प्रभावतीचं मरण तर चटका लावणारं. ८ डिसेंबर १९४१ च्या रात्री ती अरबी समुद्रात होती, सोबत ओढून न्यायचे दोन तराफे होते. आदल्याच दिवशी जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केलेला, सगळ्यांचे हात बंदुकीवर. ‘ग्लासगो’ नावाच्या इंग्रजी युद्धनौकेला अंधारात प्रभावतीची आकृती दिसली, ती शत्रूची वाटली आणि तिने तोफा डागल्या. आपल्याच बाजूच्या तोफांनी प्रभावती गेली.

आणि हे सगळं फक्त दूरच्या समुद्रात चाललं होतं असं नाही. ठाण्याच्या कोलशेतला आता उंच इमारती झाल्यात. तिथे त्या काळी एच.एम.आय.एस. अकबर हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं. ते जहाज नव्हतं, जमिनीवरचा तळ होता. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखं नाव देतात. युद्धाच्या सहा वर्षांत आपलं नौदल पावणेदोन-दोन हजार माणसांवरून तीस हजारांच्या आसपास गेलं. एवढी नवी पोरं कुठेतरी शिकायला हवीत, त्यातली पुष्कळ कोलशेतला शिकली. बायकांचीही एक नौदल शाखा निघाली होती, त्यांच्याकडे संदेशांची आणि कचेरीची कामं असत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या ‘तलवार’ या तळावर वाईट जेवण आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध खलाशांनी बंड पुकारलं, त्यात अकबरचे खलाशीही उतरले. त्या बंडाची गोष्ट मोठी आहे, एखाद्या भागात स्वतंत्र सांगू. आपल्या ठाण्याचं नाव त्यात आहे एवढं लक्षात असू द्या.

युद्ध संपलं. पार्वती-प्रभावती परत आल्या नाहीत, रामदास आली. सुरुंग, पाणबुड्या सगळ्यांतून ती वाचली होती. रंग बदलला, तोफ उतरली, बाकडी आली. पुन्हा उतारू.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावस्या, म्हणजे गटारी. स्वातंत्र्याला २९ दिवस उरलेले. दूरच्या बंदरांच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायच्या. पण भाऊच्या धक्क्यावरून समोरच्या रेवसला जाणारी बोट पावसाळ्यातही चाले, कारण ते अंतर थोडं, दीडेक तासाचं, आणि बरंचसं बंदराच्या कवेतलं. रेवसला उतरलं की पुढे अलिबाग, पोयनाड, पेण. गटारीला घरी जेवायला निघालेले गिरणी कामगार, छोटे व्यापारी, कोळी, लेकुरवाळ्या बायका सकाळी आठला रामदासमध्ये बसल्या. पाऊस होता, वारा होता.

अर्ध्या तासाने बोट काश्याच्या खडकाजवळ आली. तिथे बंदराचा आडोसा कमी होतो आणि उघड्या समुद्राच्या लाटा येतात. एका मोठ्या लाटेने बोटीत पाणी आलं, बोट एका बाजूला कलली. माणसं घाबरून एकाच बाजूला धावली. पुढच्या काही मिनिटांत बोट आडवी झाली आणि गेली.

हे असं का होतं, ते जरा थांबून समजून घेऊ, कारण हे आपल्या लाँचलाही तसंच लागू आहे. बोट तरंगते ती तिच्या पोकळ पोटामुळे, पण सरळ उभी राहते ती वजन कुठे आहे त्यामुळे. डोक्यावर एक हंडा असेल तर आपण चालतो. त्यावर दुसरा, त्यावर कळशी ठेवली की जरा पाय चुकला तरी सगळं जातं. बोटीत वरच्या डेकवर माणसं दाटली की तीच गत. दुसरी गोष्ट पाण्याची. परातीत चार बोटं पाणी घेऊन चालून बघा. परात थोडी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. डेकवर आलेलं पाणी तसंच कललेल्या बाजूला धावतं. आणि तिसरी गोष्ट, माणसंही त्या पाण्यासारखीच धावतात. बैलगाडी उलाळ झाली तर आपण पुढे सरकतो आणि ती सरळ होते, इतकं आपल्याला कळतं. पण बोटीत भीतीने शहाणपण राहत नाही. सातशेच्या आसपास माणसं एका बाजूला गेली तर ते वजन किती होईल, हिशेब करा. पन्नास किलोचं माणूस धरलं तरी ३५ टन.

सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईपासून काही मैलांवर, पण मुंबईला तासन्‌तास पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्रच नव्हतं. ज्यांना पोहता येत होतं, ज्यांच्या हाताला काहीतरी लागलं, ती माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा बातमी लागली. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना वाचवलं ते रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि माणसं घेतली. त्या दिवसाची सगळी कमाई गेली. त्यांचा पुतळा कुठे नाही.

आता आमचं मत सांगतो. लोक म्हणतात, दर्या खवळला, अमावस्या होती, नशीब. आम्हाला ते पटत नाही. हीच बोट नौदलात होती तेव्हा तिच्यावर काय असणार? जितकी माणसं तितके तरंगण्याचे पट्टे. धोक्याची घंटा झाली की कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं आणि घोकून घेतलेलं. संदेश पाठवायला यंत्र. आणि रोज माणसांची मोजणी, कारण नौदलात एक खलाशी कमी झाला तरी उत्तर द्यावं लागतं. तीच बोट उतारूंकडे परत आली तेव्हा लोखंड परत आलं, ही शिस्त आली नाही. पट्टे पुरेसे नव्हते. माणसं किती होती याचे तर आजही वेगवेगळे आकडे छापलेले सापडतात, कुणी तिकीटवाले धरतं, कुणी बिनतिकीटवाले, कुणी बोटीवरचे नोकर. दर्यातली लाट कुणाच्या हातात नव्हती. माणसं मोजणं हातात होतं.

हे जुनं झालं असं म्हणावं तर १८ डिसेंबर २०२४ ची दुपार आठवा. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या, इंजिनाची चाचणी चाललेल्या वेगवान बोटीने धडक दिली. लाँचवर शंभरावर माणसं होती, परवानगी होती त्याहून जास्त. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. डझनाहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर महाराष्ट्र सागरी मंडळाने जॅकेट घालणं सक्तीचं केलं.

आपले गट सहलीला जातात. अलिबाग, घारापुरी, मांडवा ही तर ठरलेली ठिकाणं. रेवसला आजही भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते, मांडव्याला गाड्या नेणारी रो-रोही आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा कुणी ‘आम्ही नेतो की’ म्हणालं तर जाऊ नका. बसण्याआधी बोटीवर परवाना आणि किती माणसांची परवानगी आहे तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचा आणि डोकी मोजा. जास्त वाटली तर पुढच्या लाँचची वाट पाहा. तिकीट वाया गेलं तरी चालेल, ग्रामसंघाच्या बैठकीत तो खर्च आम्ही समजावून सांगू. जॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, सुटण्याआधी अंगात घालायचं. बंद पुढून आणि कमरेला आवळून बांधायचे, सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. साडीवर घालताना पदर जॅकेटच्या आत घ्या. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, तो त्यातून खाली निसटतो. लहान मापाचं मागा, नसेल तर मुलाला घेऊन त्या बोटीत बसू नका. लाट आली, बोट हलली तर उठायचं नाही, बाजू बदलायची नाही, आहे तिथे खाली बसून राहायचं.

आणि निघण्याआधी दोन याद्या करा. एक गटाच्या सचिवाकडे, एक गावात मागे राहणाऱ्या बाईकडे. यादीत नाव, वय, घरचा फोन. बरोबर आलेल्या लेकरांचीही नावं. गेल्या वर्षी एका गटाने सव्वीस जणींची यादी केली आणि लाँचमध्ये बसल्या एकतीस, कारण कडेवरची पाच पोरं कुणी लिहिलीच नव्हती. त्यांनी धक्क्यावरच यादी काढून पाच ओळी वाढवल्या, मग बसल्या.